गोळी बंद केली आणि पाय थांबले, मग दोष गोळीचाच ना?

पत्र : माझे वडील ६६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. चौदा महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तेव्हापासून रात्री अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० मिलिग्रॅम चालू होती. वर्षभर काही तक्रार नव्हती. मग त्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला की कोलेस्टेरॉलची गोळी स्नायू विरघळवते. आठवड्याभरात त्यांच्या मांड्या आणि पोटऱ्या दुखायला लागल्या. खोक्यातला कागद भिंगाने वाचला, त्यात ‘स्नायुदुखी’ सापडली. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी स्वतःच गोळी बंद केली आणि आठ दिवसांत पाय मोकळे झाले. ‘याहून वेगळा पुरावा काय हवा?’ असं ते विचारतात. डॉक्टर म्हणाले, ‘मनाचे खेळ आहेत, गोळी घ्या.’ त्या दिवसापासून आबा दवाखान्याची पायरी चढायला तयार नाहीत. भाऊ म्हणतो, बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीत तीच गोळी घालून देऊ, कळणारसुद्धा नाही. तेही नको असेल तर त्यांच्या समाधानासाठी एखादी व्हिटॅमिनची गोळी ‘कोलेस्टेरॉलची नवी गोळी’ म्हणून द्यावी का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी तातडीचं. स्टेंट असलेल्या माणसाने स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांचा वर्ग, आबांची अ‍ॅटोर्वास्टॅटिन त्यातलीच) तीन आठवडे सोडणं आणि निरोगी माणसाने सोडणं यात मोठा फरक आहे. तेव्हा हे प्रकरण याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. आबा येत नसतील तर तुम्ही त्यांचे कागद घेऊन जा. गोळी सोडण्याच्या भरात त्यांनी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळीही सोडलेली नाही ना, हे आज रात्री पाकिटातल्या गोळ्या मोजून बघा. बरेचदा एक गोळी ‘वाईट’ ठरली की तिच्या शेजारच्या दोघीही संशयात सापडतात.

आता त्यांच्या प्रश्नाकडे येऊ, कारण प्रश्न अडाणीपणाचा नाही. गोळी घेतली तेव्हा दुखलं, सोडली तेव्हा थांबलं. एरवी आपण सगळेच याला पुरावा मानतो. पण नेमका हाच पुरावा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी तपासून पाहिला. ‘सॅमसन’ या नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांनी ६० माणसं निवडली, सगळी आबांसारखी त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेली. फरक एवढाच की त्यांना त्रास गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आतच झाला होता. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत अ‍ॅटोर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम, चार बाटल्यांत हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या आणि चार बाटल्या चक्क रिकाम्या. क्रम प्रत्येकाचा वेगळा. रिकामी बाटली कुठली ते साहजिकच कळत होतं, पण उरलेल्या आठांतल्या औषधाच्या कुठल्या आणि बिनऔषधाच्या कुठल्या, हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. रोज फोनवर त्रासाला ० ते १०० पैकी गुण द्यायचे.

वर्षअखेर सरासरी काढली. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास ८.०, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ आणि बिनऔषधाच्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे गोळी घेतल्यावर त्रास दुप्पट झाला हे खरंच, पण त्या वाढीतला सुमारे ९० टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनेही झाला. त्रास सहन होईना म्हणून लोकांनी ७१ वेळा महिना अर्धवट सोडला, त्यातल्या ३१ वेळा बाटलीत औषधच नव्हतं. आणि आबांना दाखवण्यासारखी गोष्ट ही : गोळी सोडल्यावर मिळणारा आराम दोन्ही प्रकारच्या गोळ्यांना सारखाच होता. ‘सोडली आणि थांबलं’ हे बिनऔषधाच्या गोळीबाबतही तितकंच खरं ठरलं. त्यामुळे त्या अनुभवावरून एवढंच कळतं की त्रास गोळी *घेण्याशी* जोडलेला आहे. गोळीतल्या औषधाशी आहे की नाही, ते त्यातून कळत नाही.

मराठीत डॉक्टरच्या ‘हातगुणा’वर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो आहोत. औषधाच्या रसायनापलीकडे, ते कोणी, कसं आणि काय सांगून दिलं यानेही गुण येतो, ही जाण त्या शब्दात आहे. वैद्यकशास्त्र त्याला प्लासिबो परिणाम म्हणतं. त्याचीच उलटी बाजू, म्हणजे अपाय होणार या अपेक्षेनेच औषध ‘बाधणं’, तिला नोसिबो म्हणतात.

‘मनाचे खेळ’ हे डॉक्टरांचं वाक्य म्हणूनच अर्धं बरोबर आणि पूर्ण नुकसानकारक आहे. आबांना त्यातून ‘तुम्हाला दुखत नाही’ असं ऐकू आलं. दुखतं, आणि शरीरातच दुखतं. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्‌स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर दाखवून दिलं की बिनऔषधाच्या इंजेक्शनने कमी झालेली वेदना नॅलोक्सोन दिल्यावर परत वाढते. नॅलोक्सोन अफूवर्गातल्या औषधांचा परिणाम अडवतं. म्हणजे बिनऔषधाच्या इंजेक्शनने रुग्णाच्या मेंदूतलीच वेदनाशामकं सुटली होती. उलट दिशेने, तुरिनमध्ये बेनेदेत्ती यांच्या गटाने दाखवलं की ‘आता दुखेल’ या भाकिताने वाढणारी वेदना कोलेसिस्टोकायनिन नावाच्या रेणूला अडवलं की वाढत नाही. अपेक्षेला रसायन आहे. त्यात लक्षाची भर पडते. साठीनंतर पोटऱ्या थोड्याफार कुणाच्याही दुखतात. व्हिडिओ पाहिल्यावर माणूस जिन्याच्या प्रत्येक पायरीला मांडीची विचारपूस करू लागतो आणि मग तिच्याकडूनही रोज उत्तर येतं.

आबा म्हणतील, साठ जणांवरून काय ठरतं? रास्त आहे. त्यासाठी २०२२ चा मोठा हिशेब आहे. १९ चाचण्यांतल्या जवळजवळ १,२४,००० लोकांची नोंद एकत्र केली गेली. सुमारे चार वर्षांत स्नायुदुखी किंवा अशक्तपणा सांगणारे लोक स्टॅटिनच्या गटात २७.१ टक्के आणि बिनऔषधाच्या गटात २६.६ टक्के होते. दुखणं भरपूर, फरक चिमूटभर. तो फरकही मुख्यतः पहिल्या वर्षातला : हजार जणांमागे वर्षाला सुमारे ११ जादा तक्रारी. पहिल्या वर्षानंतर दोन्ही गटांत नव्या तक्रारी सारख्याच. जास्त ताकदीच्या डोसला, ज्यात अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० येते, हा धोका थोडा अधिक दिसला, हेही सांगायला हवं.

आता तुमच्याच पत्रातल्या तारखा बघा. गोळी वर्षभर सुखाने चालली, व्हिडिओ आला, आठवड्यात पाय दुखले. स्टॅटिनची खरी स्नायुदुखी बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून काही आठवड्यांत येते. ती दोन्ही बाजूंना सारखी आणि मांड्या, नितंब, खांदे अशा मोठ्या स्नायूंत असते. तेराव्या महिन्यात ती अचानक उगवली तर आधी विचारायचं : त्या सुमारास दुसरं काय बदललं? खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन, नायट्यासाठी इट्राकोनॅझोल किंवा गाउटसाठी कोल्चिसिन सुरू झालं होतं का? पहिली दोन औषधं रक्तातली अ‍ॅटोर्वास्टॅटिनची पातळी वाढवतात. कोल्चिसिन स्वतःच स्नायूंना त्रास देऊ शकतं, स्टॅटिनसोबत अधिक. ‘नैसर्गिक’ म्हणून आणलेली रेड यीस्ट राइसची कॅप्सूल चालू असेल तर तीही सांगा, कारण तिच्यात स्टॅटिनच असतं आणि माणूस नकळत दुप्पट घेत राहतो.

दुखण्याची जात ओळखणंही इथे महत्त्वाचं, नाहीतर नोसिबोच्या नावाखाली दुसरंच काही सुटून जाईल. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते आणि उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत सुटते, असं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. हृदयाच्या वाहिन्यांत अडथळा असलेल्या माणसात ही शक्यता कधीच हलकी धरू नये. तळव्यांना रात्री मुंग्या आणि आग असेल तर साखर बघा. एकाच पायात वरपासून खाली कळ जात असेल तर कंबर. आणि आबांना खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठा-बसायला सांगा. दुखत असूनही जमलं तर ताकद शाबूत आहे. जमेनासं झालं असेल, लघवी चहासारखी गडद होत असेल किंवा गोळी बंद असूनही ताकद घटतच असेल, तर ते नोसिबो नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

रक्ताच्या तपासण्या चार : सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी), टीएसएच (थायरॉइडची), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) आणि व्हिटॅमिन डी. थायरॉइड मंद असेल तर नुसत्या त्यानेही स्नायू दुखतात आणि स्टॅटिनही जास्त बाधते. सीपीकेच्या आधी दोन-तीन दिवस शेतातलं जड काम, नव्याने सुरू केलेला व्यायाम आणि दंडातलं इंजेक्शन टाळा. या तिन्हींनी आकडा वाढतो आणि घरात उगाच घबराट होते. सीपीके प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या दहापट झाला तर गोळी बंदच ठेवायची. चौपटीच्या आत असेल आणि ताकद नीट असेल तर लक्ष ठेवून पुन्हा सुरू करता येते. मधला आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.

भावाच्या योजनेबद्दल स्पष्ट सांगतो : नको. बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीतून स्टॅटिन दिली आणि उद्या आबांनी डॉक्टरांच्या समजावण्याने स्वतःही सुरू केली, तर रोज दोन गोळ्या जातील. रात्री-अपरात्री इस्पितळात न्यावं लागलं आणि ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं, तर आबा चुकीचं उत्तर देतील. पाहुण्यांतल्या कुणी ‘ताकदीची गोळी’ म्हणून त्याच बाटलीतली खाल्ली तर? आणि हे उघडकीस येणारच, कारण शिक्षकी केलेला माणूस गोळीवरचा कोरलेला आकडा वाचतो. त्या दिवशी स्टॅटिनबरोबर तुमच्यावरचा विश्वासही जाईल, आणि पुढे स्टेंटचीच गोळी नाकारली तर समजूत घालणारं घरात कोणी उरणार नाही.

व्हिटॅमिनची गोळी ‘नवी’ म्हणून देणं त्याहून वाईट. प्लासिबोचा पल्ला कुठे संपतो हे दम्यावरच्या २०११ मधल्या एका अभ्यासात फार स्वच्छ दिसतं. साल्ब्युटामॉलच्या खऱ्या पंपाने फुप्फुसाची फुंकर मोजून सुमारे २० टक्क्यांनी सुधारली. बिनऔषधाच्या पंपाने फक्त ७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे काहीच न करता जेवढी सुधारली तेवढीच. पण ‘बरं वाटलं का?’ या प्रश्नाला दोन्ही पंपांच्या रुग्णांची उत्तरं जवळजवळ सारखी, ५० आणि ४५ टक्के. काहीच न केल्यावर मात्र २१. वेदना, मळमळ, थकवा, म्हणजे ज्या गोष्टी माणूस अनुभवतो त्या अपेक्षेने हलतात. आबांच्या धमनीतलं कोलेस्टेरॉल ते अनुभवत नाहीत, त्यामुळे ते विश्वासाने हलणार नाही. समाधान मिळेल आणि धोका तसाच राहील.

मग करायचं काय? आबा तीन आठवडे गोळीविना आहेतच, तर डॉक्टरांची भेट ठरेपर्यंतचे दिवस वाया घालवू नका. एक वही घ्या. रोज रात्री नऊ वाजता, जेवणानंतर, आबांनी स्वतः पायांच्या दुखण्याला ० ते १० पैकी गुण द्यायचे. शेजारी तीनच गोष्टी : किती चाललो, झोप कशी, आज दुसरं कुठलं औषध घेतलं. पान उलटून टाकायचं, कालचा आकडा बघायचा नाही. बघितला की माणूस त्याच्याच आसपास आकडा लिहितो. पाच-सात दिवसांत गोळीविनाची सरासरी मिळेल. ती बहुधा शून्य नसेल, आणि आबांच्या दृष्टीने ही पहिली बातमी असेल.

त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने गोळी पुन्हा सुरू. थेट ४० वर जायचं की अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० किंवा रोसुव्हास्टॅटिन ५ पासून चढत जायचं, हा निर्णय त्यांचा. आबांच्या मनात एवढा धसका असताना लहान डोसपासून सुरुवात मागून बघा, बहुतेक डॉक्टर ऐकतात. चार आठवडे तीच वही, तीच वेळ. मग दोन सरासऱ्या शेजारी मांडायच्या. फरक एखाद्या गुणाचा असेल तर डोस वाढवत न्यायचा. दोन गुणांपेक्षा जास्त वाढ झाली आणि दुखणं दोन्ही मांड्यांत सारखं असेल, तर डॉक्टरांना विचारून दोन आठवडे थांबायचं आणि वेगळं स्टॅटिन घ्यायचं. सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल. स्टेंटनंतर त्यातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असावं असं युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

या वहीची मर्यादाही आबांना आधीच सांगा : त्यांना गोळी चालू आहे हे माहीत असणार, म्हणून नोसिबो तिच्यात शिरणारच. लंडनमधल्यासारख्या एकसारख्या कॅप्सूल घरी बनवता येत नाहीत, आणि कॅप्सूलमध्ये पूड भरण्याचा उद्योग करू नये. पण दुखणं कुठल्या आठवड्यात होतं याचा वाद आठवणीवर न राहता कागदावर येतो, एवढ्यानेही बरंच काम होतं. सॅमसनमधल्या लोकांना त्यांचेच बारा महिन्यांचे आकडे दाखवले तेव्हा साठांपैकी तीस जणांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली.

प्रयोग बिघडतो तो बहुधा घरच्यांच्या मायेने. ‘आबा, आज पाय कसे आहेत?’ हा प्रश्न महिनाभर बंद. तुम्ही विचारता, ते मांडी चाचपतात, आणि चाचपली की दुखते. सकाळचं फिरणं किंवा योगासनं गोळीच्याच आठवड्यात नव्याने सुरू करू नका, नाहीतर श्रमाचं दुखणं गोळीच्या खात्यात जाईल. आणि मेडिकलमध्ये पूर्ण महिनाभराची एकाच कंपनीची पाकिटं मागा. दर वेळी रंग-आकार बदलला तर संशयाला खाद्य मिळतं. न्यूझीलंडमध्ये २००७ च्या सुमारास थायरॉइडच्या एका गोळीचे पूरक घटक आणि रंगरूप बदललं, आतलं थायरॉक्सिन तेच होतं. आधीच्या ३० वर्षांत दुष्परिणामांच्या १४ नोंदी होत्या, बदलानंतर दीड वर्षात १,४०० च्या वर गेल्या. बातम्यांनी त्यात भर घातली.

मग धोक्यांविषयी बोलायचंच नाही का? तसंही नाही. इटलीतल्या एका अभ्यासात प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेणाऱ्यांपैकी ज्यांना लैंगिक दुष्परिणामांची आधी कल्पना दिली त्यांच्यापैकी ४३.६ टक्क्यांनी तशी तक्रार केली, न सांगितलेल्यांपैकी १५.३ टक्क्यांनी. यावरून काही डॉक्टर ‘न सांगणंच बरं’ असा धडा घेतात. पण आता कागद खोक्यात आणि व्हिडिओ खिशात आहे. लपवलेलं दुसरीकडून कळतं आणि जास्त भयानक होऊन कळतं. फरक सांगण्याच्या पद्धतीत आहे. ‘शंभरातल्या २७ जणांचे स्नायू दुखतात’ हे खरं आहे. ‘गोळी न घेणाऱ्या शंभरातलेही जवळजवळ तेवढेच दुखतं म्हणतात’ हेही खरं. दोन्ही वाक्यं एका दमात सांगा. कागदावर ‘सामान्यतः आढळणारे’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ शंभरात एक ते दहा, ‘दुर्मिळ’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा. स्नायू खरोखर वितळण्याचा जो प्रकार व्हिडिओत दाखवतात, तो या दुसऱ्या वर्गातही तळाशी येतो.

आणि एवढं सगळं करून आबांना स्टॅटिन खरंच सोसत नाही असं निघालं तर? तसे लोक असतात, थोडे पण असतात, आणि त्यांना नोसिबोचं लेबल चिकटवणं हाही अन्यायच. रोसुव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकते, म्हणून काहींना ती एक दिवसाआड देतात. लहान डोसच्या जोडीला इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलचीच पण वेगळ्या वर्गातली गोळी १० मिलिग्रॅम देता येते. स्टॅटिन अजिबात चालत नसेल तर बेम्पेडोइक अ‍ॅसिड आहे, इंजेक्शनंही आहेत, ती महाग पडतात. डॉक्टरांकडे जाताना वही, सध्याच्या सगळ्या औषधांची पाकिटं आणि अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज कागद न्या. आणि ‘मनाचे खेळ’ हा विषय पुन्हा न काढता आबांनाच पहिलं वाक्य बोलू द्या : ‘मी गोळी परत घ्यायला तयार आहे, पण पायांचा हिशेब ठेवून.’